आमच्या खोलीतला अमेरिकन

रॉक अँड रोल मला तेव्हाही आवडलं नाही आणि आजही आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी त्याबद्दल बरंच बोलणार आहे, आणि म्हातारपणी मला त्याचा पुळका आला असं कोणाला वाटायला नको.

तेलाची तेजी होती. सौदीच्या पूर्वेकडच्या किनाऱ्यावर, दम्मामपासून तासाभराच्या वाटेवर, जिथे काल नुसती वाळू होती तिथे आज टाकी उभी राहायची. टाक्या, पाइप, धुराडी आणि सगळ्यांच्या वर रात्रंदिवस जळणारी गॅसची ज्वाळा. तिथल्या एका ठेकेदाराच्या कॅम्पात मी इलेक्ट्रिशियन होतो. पत्र्याची खोली, खिडकीत घरघरणारा एसी आणि चार खाटा. चौथ्या खाटेवरचा केरळी कायमचा रात्रपाळीला, त्यामुळे तो आम्हाला फक्त झोपलेला माहीत. उरलो आम्ही तिघं. एक मी, संगमेश्वरकडचा. दुसरे आबा, कराडजवळचे रिगर, म्हणजे क्रेनला ओझं बांधून वर चढवणारे. वयाने आमच्यापेक्षा मोठे आणि मिशीने त्याहून मोठे. तिसरा गुहागरकडचा ग्राइंडर. टाकीच्या आत वेल्डिंगचे जोड घासून सपाट करणं हे त्याचं काम. त्याला आम्ही ‘अमेरिकन’ म्हणायचो.

तो अमेरिकन कसा झाला ते सांगतो. आमच्या कॅम्पापासून थोड्या अंतरावर तारेच्या कुंपणाआड कंपनीच्या गोऱ्या साहेबांची वसाहत होती. तिकडे हिरवळ होती, पोहायचा तलाव होता, बायकामुलं होती आणि त्यांच्यासाठी त्यांचा स्वतःचा इंग्रजी रेडिओ होता. कुंपण माणसांना अडवतं, रेडिओला नाही. सुरुवातीला त्या स्टेशनवर बातम्या, हवामान आणि दवाखान्यात लावतात तसलं गुळमुळीत पियानोवादन असायचं. मग एका वर्षी तिथे एक नवा निवेदक आला. दिवसा कुठेतरी इंजिनिअर असावा, कारण तो फक्त गुरुवारी संध्याकाळी यायचा. तोंडात गोळी घोळवत असल्यासारखं काहीतरी बोलायचा, स्वतःच हसायचा आणि मग रॉक अँड रोल सुरू करायचा. दुसरा दिवस शुक्रवार, म्हणजे सुट्टी. त्यामुळे गुरुवार संध्याकाळ ही आमच्या आठवड्यातली एकमेव चांगली संध्याकाळ, आणि नेमका तिच्यावरच हा धिंगाणा येऊन बसला.

खोलीत एकच टू-इन-वन होता आणि तो ग्राइंडरचा होता. तरी त्याच्या वाटण्या ठरलेल्या होत्या. सकाळी आबांची भजनाची कॅसेट. संध्याकाळी मी शॉर्टवेव्हवर हिंदी गाणी शोधायचो. खरखरीतून एखादी ओळ हाती लागली तरी दिवस सार्थकी लागायचा. पूर्वी तोही माझ्याशेजारी बसून ती ऐकायचा, गुणगुणायचा. मग हळूहळू त्याला कंटाळा यायला लागला. “कुजबुजतात नुसती,” तो म्हणायचा. “गातायत का रडतायत कायच कळत न्हाय.” आणि एका गुरुवारी चावी फिरवताना त्याला गोऱ्याचं स्टेशन सापडलं. ढोलाचा पहिला ठोका पडला आणि त्याचा चेहरा असा उजळला, की मी त्याला विचारलं, लॉटरी लागली का रे.

तेव्हापासून गुरुवार त्याचा. तो खाटेवर मांडी घालून बसायचा, रेडिओ मांडीवर घ्यायचा आणि उजवा तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवायचा, आजारी पोराच्या छातीवर ठेवावा तसा. डोळे मिटायचे. मान हलायची. एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता त्याला. मलाही कळत नव्हता, पण मी निदान मान तरी हलवत नव्हतो.

आबा म्हणायचे, “आरं लेका, ह्यो गानं म्हनतोय का ह्येचं कुनी शेपूट पिरगाळलंय?”

“ऱ्हवं द्या हो आबा. ठेका बगा कसा हाय.”

“ठेका? आमच्या गावच्या लेझमीत बी असतोय ठेका. त्येच्यासाठी येवढं बोंबलायला लागत न्हाय.”

मग आम्ही त्याला अमेरिकन म्हणायला लागलो. गुहागरचा अमेरिकन. मेसमध्ये त्याच्या पुढ्यात खुबूस, म्हणजे तिथली रोटी, आला की आबा म्हणायचे, साहेबांना काटाचमचा आणा. तो हसायचा, पण जरा उशिरा. आम्ही हसायला लागलेलो पाहून हसायचा. पाठीमागून हाक मारली तर वळायचा नाही. काही विचारलं तर “व्हय, व्हय” म्हणायचा, मग प्रश्न कुठलाही असो. मी एकदा चिडून म्हटलं, की दोन पैसे दिसले की माणसाला गरिबाची हाक ऐकू येत नाही म्हणतात ते खोटं नाही. त्यालाही तो “व्हय” म्हणाला.

आता त्याचं काम सांगायला हवं. रिकामी लोखंडी टाकी म्हणजे एक भलं मोठं पातेलं, आणि माणूस त्याच्या आत. ग्राइंडरचं चाक जोडावर टेकलं की जो आवाज निघायचा तो चारी बाजूंनी परत अंगावर यायचा. मी आत दिवे टांगायला जायचो, फार वेळ नाही, आणि बाहेर आल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत माझ्या कानात रातकिडे ओरडत असायचे. तो दिवसभर आत असायचा, शेजारी त्याच्यासारखे आणखी दोघं-तिघं. कंपनीने कानात घालायला रबरी बुचं दिली होती. ती घामाने निसटायची, आणि नाही निसटली तर फोरमनची हाक ऐकू यायची नाही. हाक ऐकली नाही की शिवी ठरलेली. म्हणून पोरं बुचं खिशात ठेवायची आणि तपासणीला कोणी आलं की घालायची.

त्याचे कान जड झालेत हे आमच्या लक्षात आलं होतं, नाही असं नाही. पण वाळूच्या मुलखात कान जड झाला तर वाळूच गेली असणार, असं आम्ही धरून चाललो. आबांनी इलाज सुरू केला. चमच्यात खोबरेल तेल घ्यायचं, त्यात लसणाच्या पाकळ्या टाकून हीटरवर कडकडवायचं, कोमट झालं की कानात सोडायचं. आमच्याकडे कान दुखला, ठणकला, वाहिला, बंद झाला, सगळ्याला हाच उपाय. कित्येक शुक्रवारी तो आबांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा पडलेला मला आठवतो. खोलीभर लसणाचा वास. “सुटला का?” आबा विचारायचे. “व्हय,” तो म्हणायचा.

असेच दिवस जात होते, आणि मग ती कॅसेट आली.

त्या काळात पत्राला पोचायला आठवडे लागायचे आणि त्याच्या बायकोला लिहिण्याचा सराव नव्हता. म्हणून बायका पत्र बोलायच्या. गावात ज्याच्या घरी टेपरेकॉर्डर असेल त्याच्याकडे जायचं, कॅसेट भरायची आणि सुट्टी संपवून परत निघालेल्या कोणाच्या तरी बरोबर धाडायची. त्याच्या वाडीशेजारचा एक जण सुट्टीवरून आला तो पुडकं घेऊनच. कुळथाचं पीठ, आमसुलं आणि आमसुलांचा वास लागलेली कॅसेट. त्याला एकच मुलगी. मागच्या सुट्टीला तो गेला तेव्हा ती दुडूदुडू चालत होती, पण बोलत नव्हती. परका माणूस म्हणून त्याला बघून रडायची आणि त्याच्या मांडीवरून उतरून पळायची. तो परत आला तेव्हा एवढंच म्हणाला होता, की पोर मला बाबा म्हणायच्या आत माझं विमान सुटलं. आता ती बोलायला लागली होती. पुडकं आणणाऱ्याने सांगितलं, चुरूचुरू बोलते, तोंड मिटत नाही, अख्खी कॅसेट तिनेच भरलीय.

शुक्रवारची दुपार होती. त्याने आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. आम्ही हसलो नाही. कॅसेट घातली, बटण दाबलं आणि नेहमीसारखा तळहात जाळीवर ठेवला.

आधी बायकोचा आवाज आला, लाजत. “ऐकताव ना? मी बरी हाय. ही बगा तुमची लेक. बोल गो, बाबांना हाक मार.”

मग खणखणीत आवाज आला, पातळ, वाटीवर चमचा मारावा तसा. “बाबा! ओ बाबा! आपल्या कोंबडीनं पिलां काढलान! एक काळा हाय. तो माजा हाय.”

आबांच्या मिशीखाली हसू आलं. मीही हसलो आणि त्याच्याकडे पाहिलं. तो तसाच बसला होता, वाट बघत. आवाज मोठा केला. पुन्हा वाट पाहिली. पोर बोलत होती. कोंबडीच्या पिल्लांची नावं ठेवून झाली, शेजारणीने तिला चिमटा काढला ते सांगून झालं. त्याने कॅसेट काढली, उलटी केली, पुन्हा लावली. त्या बाजूलाही तीच होती, काहीतरी गात होती आणि मधेच आईला विचारत होती की बाबा या डब्यात कुठे बसलेत.

तो आमच्याकडे बघून हसला. “कोरी हाय,” म्हणाला. “भरताना बटान दाबलं नसंल. नुसती घरघर हाय. बायकांना काय कळतंय.”

आणि ती बोलतच होती. “बाबा, तुमी कदी येनार?”

मी आयुष्यात पुष्कळ वाईट आवाज ऐकलेत. क्रेनचा दोर तुटलेला ऐकलाय, वरून पडलेला माणूस ऐकलाय. पण त्या दुपारी पत्र्याच्या खोलीत घुमणारा तो गोड आवाज मला ऐकवेना. आबांनी हात पुढे करून बटण बंद केलं. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली, की बोलू नको. पण माझा स्वभाव तसा नाही. मी त्याच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि ओरडलोच, “कोरी नाहीये रे! बोलतेय ती!”

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की हा कधीपासून आमच्या तोंडांकडे बघूनच ऐकतोय.

“कोन?”

“तुझी पोर!”

त्याने पुन्हा बटण दाबलं. कान जाळीला लावला, इतका घट्ट की कानावर जाळीची नक्षी उठली. बराच वेळ तसाच होता. मग डोकं वर न काढता त्याने विचारलं, “काय म्हनते?”

आबा उठले, त्याच्या शेजारी खाटेवर बसले, त्याच्या दुसऱ्या कानाशी तोंड नेलं आणि त्या राकट, विडीने जाड झालेल्या आवाजात एकेक वाक्य त्याला सांगायला लागले. “बाबा, आपल्या कोंबडीनं पिलं काढल्यात. एक काळं हाय. ते माजं हाय.” कॅसेट संपेपर्यंत ते सांगत होते. गाणंसुद्धा म्हणून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात मी त्याला दम्मामला घेऊन गेलो. कंपनीच्या दवाखान्यात गेलं की बातमी ऑफिसात जाते, म्हणून सरकारी इस्पितळात गेलो. तिथे एक मराठी डॉक्टरबाई होत्या. कॅम्पातल्या आजारी माणसांना त्या ओळख नसतानाही बघायच्या, आणि त्यांच्याशी मराठीत बोलता यायचं यानेच निम्मा आजार पळायचा. त्यांनी त्याला हेडफोन लावून बसवलं. आवाज आला की बोट वर करायचं. तो बोट वर करायला टपून बसला होता, शाळेतल्या पोरासारखा, आणि बोट काही वर जाईना. शेवटी शेवटी गेलं, दोन-चारदा.

बाई त्याच्याशी बोलताना समोर बसून, सावकाश, ओठ हलवून बोलल्या. “भाऊ, वरचे सूर गेलेत. लहान मुलांचा आवाज, बायकांचा आवाज, पाखरं. खालचे जाड आवाज तेवढे शिल्लक आहेत.”

“म्हणजे कसले?” मी विचारलं.

“पुरुषाचा जाड आवाज. ढोल. मोठ्या गिटारीची खालची तार. ठोक्याचं संगीत असतं ना, तसलं.”

मग मला कळलं, आमचा ग्राइंडर अमेरिकन का झाला होता ते. त्याला रॉक अँड रोल आवडत होतं असं नव्हे. साऱ्या जगातलं तेवढंच त्याच्यापर्यंत पोचत होतं. आणि आम्ही त्याला काटाचमचा देत होतो.

बाई पुढे म्हणाल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं. “गेलेलं परत येणार नाही. पण त्या टाकीतून आत्ता बाहेर पडलात तर आहे तेवढं राहील. मग यंत्र लावून मुलीचं बोलणं थोडंफार तरी ऐकू येईल. थांबलात तर तेही जाईल. घरी जा.”

घरी जा. सौदीत घरी जायला नुसतं तिकीट पुरत नाही, आधी परवानगी लागते. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे आम्हाला आणणाऱ्या मालकाच्या कपाटात, आणि देश सोडायचा खुरूजचा शिक्काही त्याच्याच हातात. आम्ही बाईंची चिठ्ठी घेऊन ऑफिसात गेलो. कॅम्पाचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, गोरागोमटा, अत्तर लावलेला, दुष्ट वगैरे नव्हता. दुष्ट असता तर निदान शिवी तरी देता आली असती. त्याने चिठ्ठी नीट वाचली. मग मोडक्या हिंदीत विचारलं, “ये आदमी हाथ से काम करता, या कान से?”

“हाथ से,” मी म्हटलं.

“हाथ अच्छा?”

“अच्छा.”

“खलास. शटडाऊन के बाद जाएगा. यल्ला.”

शटडाऊन म्हणजे सगळा प्लांट थांबवून दुरुस्तीचं काम. तो अगदी तोंडावर आला होता. त्या काळात कोणालाही सोडत नसत, आणि टाक्यांच्या आत तर मिळेल तो माणूस ढकलत. मी फोरमनला भेटलो. तो कुंपणापलीकडच्या गोऱ्यांतला, तोंडाने शिवराळ पण माणूस भला होता. त्याने अमेरिकनच्या खांद्यावर थोपटलं, त्याला टाकीबाहेर पाइप घासायला लावलं. काही दिवस बरे गेले. मग आतला एक जण उष्म्याने पडला आणि याला पुन्हा आत पाठवलं. नाही म्हणता येत नव्हतं का? येत होतं. पण काम सोडलं असतं तरी पासपोर्ट कपाटातच राहणार होता, आणि पगार मात्र थांबला असता.

मग आम्ही आमच्या अकलेने त्याचे कान वाचवायला निघालो. आबांचं म्हणणं असं, की पाठ दुखली तर पाठीला विसावा देतो, तसा कानालाही दिला पाहिजे. आबांनी स्वतःची भजनं बंद केली. माझी हिंदी गाणी बंद. खोलीत आम्ही खुणांनी बोलायचो. दार हळू लावायचो. केरळ्याला वाटलं की आमचं भांडण झालंय. टाकीत जाताना आबा मेसमधून कणकेचा गोळा आणायचे आणि त्याच्या दोन्ही कानांत लिंपायचे, भांड्याचं तोंड बंद करतात तसे. टाकीतल्या उष्म्याने ती कणीक वाळून तडकायची. संध्याकाळी तो बाहेर यायचा तेव्हा कानांतून पीठ सांडत असायचं. कंपनीची रबरी बुचं त्याने आता कायमची घातली होती, वर ही कणीक, वर फडकं बांधलेलं. इतकं करूनही टाकी ती टाकीच.

फक्त गुरुवारी संध्याकाळी रेडिओ लागायचा. तो आता गाणी ऐकण्यासाठी लावत नव्हता. कान किती उरलाय ते बघण्यासाठी लावत होता. आवाजाची चावी कुठवर फिरवली की ठोका कानात पडतो, एवढंच बघायचं होतं. आम्ही दोघं त्या चावीकडे बघत बसायचो. त्या गाण्यांचा तिटकारा असलेल्या मला सोमवारपासून गुरुवारची धास्ती वाटायला लागली. चावी दर खेपेला थोडी पुढे. “गोरा हल्ली हळू लावतो,” तो एकदा म्हणाला. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

शटडाऊन संपत आला होता. मुदीरने कागद पुढे पाठवले असं कळलं होतं, आणि आबांनी गावच्या देवाला नारळही बोलून ठेवला होता. त्या गुरुवारी तो कामावरून आला, हातपाय धुतले, रेडिओ खाटेवर समोर ठेवला आणि सुरू केला. चावी फिरवली. गोऱ्याने नेहमीसारखं तोंडात गोळी घोळवत काहीतरी सांगितलं, हसला आणि गाणं सुरू झालं. ढोल, गिटार, किंकाळ्या, सगळं. तो चावी फिरवत गेला. शेवटच्या टोकाला गेली. पत्र्याच्या भिंती थरथरायला लागल्या, शेजारच्या खोलीतले पठाण भिंतीवर बुक्क्या मारायला लागले, केरळी उठून बसला.

तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, “आज गोरा सुट्टीवर गेला वाटतं. टेशन बंद हाय.”

आबा माझ्याकडे बघेनात. मी त्यांच्याकडे बघेना. मग मी त्याचा हात धरला आणि रेडिओच्या जाळीवर ठेवला. त्याच्या बोटांना कळलं. त्याने हात तसाच ठेवला, गाणं संपेपर्यंत.

“हाय की,” तो म्हणाला. “चालू हाय.”

मग तो रडला. फार मोठ्याने रडला, कारण आपण किती मोठ्याने रडतोय हे त्याला कळत नव्हतं. शेजारच्या बुक्क्या थांबल्या. दारात पठाण येऊन उभे राहिले, त्यांनी आत बघितलं आणि परत गेले. मला त्या टाकीचा, त्या मुदीरचा, त्या हसऱ्या गोऱ्याचा, सगळ्यांचा इतका संताप आला होता, की मी बाहेर जाऊन पत्र्याला लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला. एवढंच मी करू शकलो.

पंधरवड्याने त्याला खुरूज मिळाला. निघताना त्याने रेडिओ आम्हाला दिला. “मला काय करायचाय,” म्हणाला. पोरीची कॅसेट मात्र शर्टाच्या खिशात ठेवली. तो गेल्यावरच्या गुरुवारी संध्याकाळ झाली तरी रेडिओला कोणी हात लावला नव्हता. शेवटी आबाच म्हणाले, “लाव रं त्येचं टेशन.” मी लावलं. आम्हा दोघांनाही त्यातलं काही आवडत नव्हतं, पण पूर्ण ऐकलं.

पुढच्या सुट्टीत मी गुहागरकडे त्याच्या घरी गेलो. तो आगरात गेला होता. त्याची बायको “बसा, आलेच” म्हणून चहाचं आधण ठेवायला आत गेली. मी पडवीत बसलो. खांबाआडून एक मुलगी मला निरखत होती, दोन वेण्या, एक दात पडलेला.

“तुमी सौदीतनं आलांव?” तिने विचारलं. तोच आवाज. वाटीवर चमचा.

मी मानेने हो म्हटलं.

ती जवळ आली. माझा उजवा हात तिने दोन्ही हातांनी उचलला, तळहात उघडला आणि आपल्या गळ्यावर नीट ठेवला. मग तोंड माझ्याकडे करून, ओठ मोठे मोठे हलवत म्हणाली, “चा घेनार का काका? दूद घालू का कोरा?”

सौदीतून आलेल्या माणसाशी असंच बोलायचं असतं, असं तिला वाटत होतं. तिने पाहिलेला सौदीतला माणूस एकच. माझ्या तळहाताखाली तिचा गळा बारीक थरथरत होता. मला ऐकू येतं हे मी तिला सांगितलं नाही. “दूध घाल,” म्हटलं, तेही ओठ मोठे हलवून.

ती आत पळाली. मान वर केली तर तो पायरीवर उभा होता, डोक्यावर सोललेल्या नारळांची पाटी. किती वेळ उभा होता कोण जाणे. पाटी उतरवून तो माझ्या शेजारी बसला. बाकीचं काही विचारलं नाही, आबा कसे आहेत, कॅम्प कसा आहे, काही नाही. बहिऱ्या माणसाच्या त्या सपाट, मोठ्या आवाजात त्याने विचारलं, “तू ऐकलंस न्हवं? आवाज कुनाच्या वळनावर गेलाय रं? तिच्या का माज्या?”

आवाज सगळा आईचा होता. मी बोट त्याच्या छातीकडे केलं.